लाँगआर्मवरच बाइंडिंग जोडताना: कामाच्या नोंदी

४ जून

क्विल्टिंग, म्हणजे वरचं कापड, बॅटिंग (मधला भरावाचा थर) आणि अस्तर एकत्र शिवणं, संपलं. क्विल्ट अजून फ्रेमवरच आहे आणि या वेळी ते न उतरवता बाइंडिंगची, म्हणजे कडा झाकणारी, पट्टीही लाँगआर्मवरच (फ्रेमवर फिरणाऱ्या क्विल्टिंगच्या मशीनवरच) जोडायची आहे. पुढच्या बाजूने मशीनने जोडायची, मग उतरवून कडा कापायच्या आणि मागच्या बाजूने हाताने तुरपाई करायची, असा बेत. साध्या मशीनवर मोठं क्विल्ट घेतलं की त्याचं वजन टेबलावरून खाली ओढत राहतं, टाके लहान-मोठे पडतात आणि चार कडा होईपर्यंत खांदे भरून येतात. फ्रेमवर क्विल्ट जागेवर राहतं आणि मशीन फिरतं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

माप ६० बाय ७२ इंच, म्हणजे घेर २६४ इंच. कोपरे आणि शेवटचा जोड यांसाठी १२ इंच धरले की २७६. कापड ४२ इंच पन्ह्याचं. अडीच इंची सात पट्ट्या तिरक्या जोडल्या तर २७९ इंच भरतात, म्हणजे हाताशी जेमतेम तीन इंच. एखादा जोड नेमका कोपऱ्यावर येऊन बसला तर पट्टी सरकवायला जागा हवी, म्हणून आठ कापल्या. सगळे जोड उघडून इस्त्री केली. मग पट्टी उभी दुमडून पुन्हा इस्त्री. दुमडलेली रुंदी सव्वा इंच.

जोड एका बाजूला दाबून इस्त्री केली तर चालतं, असं पुष्कळ जण सांगतात. साध्या मशीनवर चालत असेलही. लाँगआर्मवर मशीनचा पाय (सुईभोवतीचा, कापड दाबणारा भाग) टाक्यागणिक वर-खाली होत असतो आणि जाड उंचवट्याला तो आधी धडकतो. जोड उघडूनच दाबा.

५ जून

आज फक्त तयारी आणि चाचणी. क्विल्टच्या बाहेर उरलेल्या अस्तर-बॅटिंगवर वरच्या कापडाचा एक तुकडा ठेवला, त्यावर पट्टी ठेवली आणि शिवून पाहिलं.

दोरा बदलला. क्विल्टिंगला ४० नंबरचा होता, बाइंडिंगला पट्टीच्या रंगाचा ५० नंबरचा घेतला. दोरा बारीक झाल्यावर वरचा ताण तोच ठेवून चालत नाही, बॉबिनचे ठिपके वर दिसायला लागतात. वरचा ताण थोडा सैल केल्यावर बसलं. टाके इंचाला ११ ठेवले.

पायाची उंची हा खरा प्रश्न निघाला. क्विल्टिंगसाठी लावलेल्या उंचीवर पाय पट्टीच्या दुमडीला ढकलत होता आणि पायापुढे कापडाचा फुगा जमत होता. उंची वाढवली तर फुगा गेला, पण टाके सुटायला लागले. मधली जागा सापडेपर्यंत थोडं थोडं फिरवत राहावं लागलं. शेवटी पाय खाली असताना पट्टी त्याच्याखालून बोटाने सरकवता येते, पण किंचित घासून सरकते, अशा उंचीवर ठेवला. आकडा देत नाही, कारण प्रत्येकाची बॅटिंग वेगळी असते. घासून सरकण्याची खूण मात्र कुठल्याही जाडीला लागू पडते.

माझ्या मशीनचा गोल पाय बाहेरून बरोबर अर्धा इंच आहे, म्हणजे सुईपासून पायाच्या कडेपर्यंत पाव इंच. तुमचा मोजून घ्या, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

६ जून

क्विल्ट मागे गुंडाळत वरच्या कडेपर्यंत आले. वरच्या कडेचं बाइंडिंग क्विल्टिंगच्या सुरुवातीलाच जोडून घेण्याची एक पद्धत आहे. मी ती टाळली. पट्टी लावलेली कड रोलरवर गुंडाळली गेली की तिथे जाडी वाढते आणि वरून पुढचं क्विल्ट एकसारखं बसत नाही.

सुरुवात कुठून करायची यावर बराच विचार केला. साध्या मशीनवर आपण एका बाजूच्या मधून सुरू करतो. इथे ती बाजू पुन्हा फ्रेमवर समोर आणावी लागली असती. म्हणून पट्टीचं टोक डाव्या बाजूला तीसेक इंच तसंच लोंबत सोडलं, वरच्या डाव्या कोपऱ्यावर घडी आधीच घालून घेतली आणि शिलाई थेट वरच्या कडेपासून सुरू केली. घडी नेहमीचीच: पट्टी डाव्या बाजूने वर न्यायची, कोपऱ्यावर ४५ अंशांत बाहेर दुमडायची, मग उलट दुमडून वरच्या कडेवर आणायची, दुमड डाव्या कडेशी जुळवून. डावी बाजू अगदी शेवटी, एका दमात होईल.

आडवं चॅनल लॉक (मशीनला एकाच सरळ रेषेत चालू देणारी कळ) लावलं आणि निघाले. वरची कड लोड करताना लॉक लावूनच टाचली होती, त्यामुळे ती सरळ होती आणि शिलाई कडेपासून पाव इंचावर बरोबर बसत गेली. अडचण पट्टीची. लाँगआर्मला कापड पुढे ओढणारे खालचे दात नसतात. क्विल्ट ताणलेलं असतं म्हणून ते हलत नाही, पण वर ठेवलेली पट्टी मोकळी असते आणि पाय तिला रेटत नेतो. टाचण्या लावून पाहिल्या. एक हात मशीनच्या दांड्यावर, दुसरा पट्टी दाबायला, मग टाचणी काढायला तिसरा हात कुठून आणणार? दर टाचणीला थांबा, काढा, पुन्हा निघा, आणि प्रत्येक थांब्यावर टाके दाटून येतात. क्लिपांचा तर प्रश्नच नाही, पाय त्यांच्यावर आदळतो.

त्यामुळे थांबून उरलेली पट्टी धुतल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या गोंदाने चिकटवली. गोंदाची अगदी बारीक रेघ, कच्च्या कडेला लागून, शिलाईच्या रेषेच्या बाहेरच. सुई गोंदातून गेली की डोळ्याशी चिकटा जमतो आणि दोरा तुटतो. वाळायला वेळ दिला. त्यानंतरची शिलाई आणि आधीची शिलाई शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या माणसांनी केल्यासारखी दिसते.

७ जून

उजवी बाजू. आजची दुपार आणि संध्याकाळ दोन्ही फुकट गेली.

आधी कोपरा. कडेच्या पाव इंच आधी थांबायचं, जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घेऊन दोरा तोडायचा, घडी घालायची आणि खालच्या दिशेला नव्याने सुरू करायचं. क्विल्ट फिरवावं लागत नाही, फक्त मशीनची दिशा बदलते. कोपरे हा या पद्धतीतला सगळ्यात सुखाचा भाग आहे.

बाजूचे ताणाचे क्लॅम्प काढले, नाहीतर मशीन त्यांच्या पट्ट्यांना अडतं. उभं लॉक लावून खाली यायला लागले आणि अर्ध्या फुटातच शिलाई कडेपासून दूर सरकायला लागली. मशीन सरळच जात होतं, कड सरळ नव्हती. क्विल्टिंग दाट असलं की क्विल्ट मधे आत ओढलं जातं, आणि वरची कड जशी लॉक लावून टाचली होती तशी बाजूची कड कधी टाचलेलीच नव्हती. मध्यावर ती सुमारे ⅜ इंच आत होती. लॉकच्या सरळ रेषेवर हट्टाने गेले असते तर मधे पट्टी नुसत्या बॅटिंगवर शिवली गेली असती. लॉक सोडलं आणि मोजपट्टी धरून कडेच्या मागे गेले.

मोजपट्टी धरण्याची एक पद्धत इथे हाती लागली आणि ती मी आता सोडणार नाही. आधी मी मोजपट्टी क्विल्टच्या बाहेरच्या बाजूला, पट्टीच्या कच्च्या कडेशी जुळवून धरत होते. पाव इंच बरोबर मिळतो, पण पट्टी मोकळीच राहते. मग मोजपट्टी आतल्या बाजूला, पट्टीच्या वरच ठेवली. मोजपट्टीवरची पाऊण इंचाची रेघ पट्टीच्या दुमडीवर जुळवायची. पट्टी सव्वा इंचाची, त्यातला पाऊण इंच मोजपट्टीखाली दाबला जातो, अर्धा इंच बाहेर उरतो, त्यात पाय चालतो आणि सुई कच्च्या कडेपासून नेमकी पाव इंचावर पडते. जी गोष्ट माप देते तीच पट्टी दाबूनही धरते. मोजपट्टी लाँगआर्मचीच, पाव इंच जाडीची घ्या आणि मशीनला मोजपट्टीसाठीचा रुंद तळ लावा. कापायच्या पातळ मोजपट्ट्या पायाखाली शिरतात, सुई मोडते आणि मशीनचं टायमिंगही (सुई आणि खालच्या हुकाचा मेळ) बिघडू शकतं.

शिलाई दिसायला सुरेख झाली. मग क्विल्ट पुढे सरकवायला रोलरचा ताण सोडला आणि शिवलेल्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत झोळ आला. हाताने सपाट केला तरी परत वर येत होता.

८ जून

कारण शोधायला आज शिवलं काहीच नाही. ताण असताना उजव्या कडेवर १५ इंचांवर दोन टाचण्या लावल्या आणि ताण सोडून पुन्हा मोजलं. पाव इंच कमी भरलं. क्विल्ट दोन रोलरांच्या मधे उभ्या दिशेने ओढलेलं असतं. ते सोडल्यावर आकसतं, पण त्यावर शिवलेली पट्टी आहे तेवढीच राहते. ७२ इंचांच्या बाजूला या हिशोबाने सव्वा इंच पट्टी जास्त बसते. वरच्या कडेला हे झालं नाही, कारण तो ताण त्या कडेच्या लांबीच्या दिशेने नसतो.

शिवलेलं सगळं उसवलं. क्विल्ट फ्रेमवर असताना मागची बाजू हाताशी नसते, म्हणून पट्टी उचलून आतून दर तिसरा-चौथा टाका कापत गेले. इंचाला ११ टाके उसवणं सोपं नाही. दोन-तीन ठिकाणी सुईच्या भोकांतून बॅटिंगचे तंतू वर आले. ते ओढून काढू नका, ओढले की मागोमाग आणखी येतात. सुईच्या बोथट टोकाने आत ढकलले.

९ जून

उजवी बाजू पुन्हा. या वेळी दोन गोष्टी बदलल्या.

एक, ताण. रोलर एवढे सैल केले की खालून बोट वर दाबलं तर वरून ते बोट क्विल्टसकट चिमटीत धरता यावं. क्विल्टिंगला मी एवढं सैल कधीच ठेवत नाही, पण तेव्हा थर हलू नयेत म्हणून ताण हवा असतो. आता थर क्विल्टिंगने बांधले गेले आहेत.

दोन, खुणा. क्विल्ट पूर्ण सैल असताना कडेवर दर १२ इंचांवर निघून जाणाऱ्या पेनाने खूण केली, आणि पट्टीवरही टेबलावर ठेवून दर १२ इंचांवर. चिकटवताना खुणेला खूण जुळवली. दोन खुणांच्या मधे क्विल्टचं थोडं कापड जास्त वाटलं तर बोटांनी पसरवून दाबलं. पट्टी कुठेही ओढली नाही. ओढून लावलेली पट्टी नंतर कड आत वळवते, आणि ते झोळापेक्षा वाईट, कारण इस्त्रीनेही बसत नाही.

शिवायच्या आधी कडेला लागून, अगदी ⅛ इंचावर, तिन्ही थर धावदोऱ्याने लांब टाक्यांत टाचले. परवा हे केलं नव्हतं. वरच्या कापडाची कड मोकळी असली की पाय तिलाही रेटतो.

सरकवताना सुई शेवटच्या टाक्यातच खाली ठेवून क्विल्टबरोबर मशीनही सावकाश पुढे घेतलं, म्हणजे पुन्हा सुरू करताना जागा शोधावी लागत नाही. संध्याकाळी ताण पूर्ण सोडून पाहिलं. कड सपाट.

११ जून

खालची कड. वरच्यासारखीच झाली, लिहिण्यासारखं एकच. पट्टीचा एक जोड मधे आला आणि तिथे दोरा तुटला. मग जोडाच्या अर्धा इंच आधी थांबून सुई वर-खाली करायचं बटण दाबत एकेक टाका घेत पलीकडे गेले. वेगाने जाताना जाडीवर सुई वाकते आणि हुक दोरा पकडत नाही. जोड समोर दिसत असताना घाई करण्यासारखं काही नसतं.

१२ जून

डावी बाजू राहिली होती. ती उजवीसारखीच करता आली असती, पण एक वेगळी पद्धत पाहायची होती: क्विल्ट उतरवून काटकोनात फिरवायचं आणि डावी बाजू आडवी लोड करायची. बाजूचं जास्तीचं अस्तर वरच्या लीडरला (रोलरला जोडलेल्या कापडाला) टाचलं, बाकीचं क्विल्ट खालच्या रोलरवरून मोकळं लोंबू दिलं. दुसरी बाजू कशालाच टाचली नाही. म्हणजे कडेच्या लांबीला कुठलाच ताण नाही, आणि ७२ इंच एका दमात समोर.

माझ्या मते हीच पद्धत चांगली. टाचायला वेळ जातो, पण मधे मधे सरकवणं नाही, ताण सोडा-आवळा नाही आणि पूर्ण कड एकदम दिसते. तरी कडेवरच्या आणि पट्टीवरच्या खुणा इथेही केल्या. अडचण अस्तराची. बाजूला चारच इंच जास्तीचं होतं, त्यातलं थोडं क्लॅम्पने आधीच ओढलं गेलं होतं, आणि एका टोकाला टाचण्या लावायला जागा अपुरी पडली. तिथे जुन्या कापडाची एक पट्टी अस्तराला लांब टाक्यांनी जोडून घेतली.

१३ जून

शेवटचा जोड. लाँगआर्मवर बाइंडिंग लावायच्या सूचनांमध्ये हा भाग नेहमी घाईने उरकलेला असतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

साध्या मशीनवर आपण दोन्ही टोकं एकमेकांवर पट्टीच्या रुंदीएवढी, म्हणजे अडीच इंच चढवून कापतो, काटकोनात ठेवून तिरकी शिलाई मारतो आणि उरलेली जागा शिवून टाकतो. इथे क्विल्ट फ्रेमला टाचलेलं असतं. टोकं साध्या मशीनपर्यंत पोहोचत नाहीत. लाँगआर्मवर ती तिरकी शिलाई मारायची तर खाली क्विल्ट आहे, ते सोबत शिवलं जाईल.

एक टोक दुसऱ्याच्या आत सरकवून वरून शिवायची पद्धत चाचणीच्या तुकड्यावर करून पाहिली. जमते, पण चार थर जास्त होतात आणि बोट फिरवलं की गाठ लागते. क्विल्टवर ती नको होती. जोडाजवळचं साताठ इंच शिवून टाकण्याआधी तिथेच हातसुईने तिरकी शिलाई घातली. दोन्ही टोकं उलगडून, सुलट बाजू समोरासमोर ठेवून, पेन्सिलने तिरकी रेघ मारून त्यावर बारीक उलटे टाके. टोकं काटकोनात धरताना क्विल्ट त्या जागी थोडं चिमटून वर घ्यावं लागतं. ताण सैल असल्याने ते सहज येतं. कापण्याआधी पट्टी एकदा सपाट घालून बघा, पीळ पडलेला नाही ना. पाव इंच ठेवून जास्तीचं कापलं, जोड नखाने उघडून दाबला, पट्टी परत दुमडली, गोंद लावला, वाळल्यावर मशीनने शिवला. हातची शिलाई म्हणून जोड कच्चा राहील असं वाटत असेल तर दोरा दुहेरी घ्या. वरून मशीनची शिलाई त्याला आडवी जातेच.

त्याच शिलाईत वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे पहिल्या दिवशी घातलेली घडी होती. तिचा उभा राहणारा पदर बाजूला धरून पाव इंच आधी थांबले. कोपरा इतर तिघांसारखाच बसला.

१४ जून

उतरवलं, टेबलावर पसरलं, कापलं. इथे नेहमीचा क्रम उलटा आहे. एरवी आपण आधी काटकोनात कापून मग बाइंडिंग लावतो. इथे बाइंडिंगची कच्ची कडच कापायची रेषा दाखवते. रोटरी कटर त्या कडेला लागून नाही, ⅛ इंच बाहेरून चालवला. बाइंडिंग मागे वळवलं की ते आतून भरलेलं लागलं पाहिजे. पोकळ बाइंडिंग हाताला लगेच कळतं आणि झिजतंही लवकर. कोपऱ्यावर घडीचा पदर आधी आत वळवून टाचणीने धरा. तो कटरखाली आला तर त्या कोपऱ्याला उपाय नाही.

कर्ण मोजले. दोन्हींत पाव इंचाचा फरक. या मापाला मला चालतो. भिंतीवर टांगायचं क्विल्ट असतं तर चालला नसता, आणि अशा क्विल्टला मी ही पद्धत वापरणारही नाही. फ्रेमवर गुंडाळलेल्या क्विल्टचे कर्ण मोजता येत नाहीत, आणि बाइंडिंग जोडल्यावर सुधारायला काही उरत नाही.

१८ जून

मागची तुरपाई झाली. अडीच इंची पट्टी मागे शिलाईच्या पुढे जरा जास्तच येते. माझ्या पातळ कापसाच्या बॅटिंगला सव्वादोन इंचांची पुरली असती. मात्र मग दुमडलेली रुंदी सव्वा इंचाहून ⅛ कमी होईल आणि मोजपट्टीवरची पाऊण इंचाची रेघ चालणार नाही, ⅝ ची धरावी लागेल. जाड बॅटिंगला अडीचच ठेवा.

२० जून

धुतलं. गोंद पूर्ण निघाला, खुणाही गेल्या. कापसाची बॅटिंग आकसल्यावर उजवी आणि डावी बाजू शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही सपाट आहेत, पण उजवीकडे जिथे जिथे क्विल्ट पुढे सरकवलं तिथे शिलाई किंचित तुटक झालेली दिसते. डावीकडे एकसलग आहे.

पुढच्या क्विल्टच्या चारही बाजू फिरवून लोड करायच्या असं ठरवलं आहे. त्याचं अस्तर बाजूंना चारऐवजी सहा इंच जास्त ठेवून कापलं, आणि क्विल्टिंग करतानाच बाजूच्या कडा ⅛ इंचावर टाचत खाली यायचं, म्हणजे मधे आत ओढल्या जाणार नाहीत.